घुबडांचा शहाणा प्रधान

अध्यक्षाची निवड जवळ आली की संचालकांना सहलीला न्यायचं, ही रीत कुणी काढली ते सांगता येणार नाही. पण ज्याने काढली त्याला माणूस पुरता ओळखता येत होता. माणूस घरी राहिला की त्याला मेहुणा गाठतो, मामा गाठतो, कुणी पाकीट घेऊन येतो, आणि सकाळी दिलेला शब्द संध्याकाळपर्यंत विटतो. त्यापेक्षा त्याला गाडीत घालावा, फोन काढून घ्यावा, चार दिवस मटण-भाकरी खाऊ घालावी आणि निवडीच्या दिवशी थेट सभेच्या दारात उतरवावा. हिवरा आश्रमापासून थोडं आत असलेल्या त्या गावातही असंच चालत आलेलं. गावची सेवा सोसायटी म्हणजे पीककर्ज, खत आणि बियाणं. ती ज्याच्या हातात त्याला गावात रामराम जास्त पडतात, एवढं सांगितलं की पुरे.

यंदा रामरावांना खुर्चीवरून खाली ओढायचं उत्तमरावांनी मनावर घेतलं होतं. रामराव लागोपाठ तीनदा अध्यक्ष झालेले, आणि उत्तमराव तिन्ही वेळा त्यांच्या शेजारी बसून चहा पीत, मान हलवत आलेले. आता मान दुखायला लागली असावी. तेरा संचालकांपैकी स्वतःसकट सात त्यांनी आपल्या बाजूला जमवले. त्या सातांत एक होते लक्ष्मीकांत गुरुजी.

गुरुजी गावच्या शाळेत उभी नोकरी संस्कृत शिकवून रिटायर झालेले. गावात संस्कृत कुणाला लागत नव्हतं. दहावीला मार्क जास्त पडतात म्हणून पोरं विषय घ्यायची आणि परीक्षा झाली की पुस्तक रद्दीत घालायची. पण प्राण्यांच्या जुन्या नीतिकथा मात्र गुरुजींनी अशा घोटून घेतल्या होत्या की, चाळिशी उलटलेला गडीसुद्धा कुणी फसला की म्हणायचा, "मगरीच्या पाठीवर बसला होता काय बे?" गुरुजींना याचा अभिमान होता, आणि मनात एक सलही होता. या कथा मुळात पोरांसाठी नव्हत्याच. राज्य कसं राखावं, मित्र कुणाला म्हणावं, शत्रू कसा ओळखावा, हे उद्याच्या राजांना शिकवायला त्या रचलेल्या. आणि गुरुजींना जन्मात एकही राजा भेटला नव्हता. हेडमास्तर भेटले, तपासणीला येणारे साहेब भेटले. त्यांना नीती नको होती, वेळेवर माहिती भरून हवी होती.

म्हणून उत्तमराव घरी येऊन, पायांना हात लावून म्हणाले, "गुरुजी, मत तं तुमचं पाहिजेच, पण त्याहून जास्त तुमची अक्कल पाहिजे," तेव्हा गुरुजी विरघळले. शारदाबाईंनी आतून सगळं ऐकलं होतं. उत्तमराव गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "अक्कल मागायला आलेला माणूस इतका वाकत नाही हो." गुरुजींनी ते कानाआड केलं.

आता कडूबा. गुरुजींची पाच एकर जमीन बटईने, म्हणजे निम्म्या वाट्याने, वाहणारा कडूबा हा त्यांचा पहिलीपासूनचा सोबती. तो चौथीत शाळेला कंटाळला आणि बैलांमागे गेला, गुरुजी पुस्तकांमागे गेले, पण दोघांचं बसणं-उठणं सुटलं नाही. आल्हादच्या वेळी शारदाबाईंना कळा सुरू झाल्या आणि पैनगंगेला पूर, तेव्हा लांबच्या पुलावरून वळसा घालून त्यांना ट्रॅक्टरवर मेहकरला पोचवणारा कडूबाच. आल्हाद पुढे पुण्याला गेला, इंजिनीअर झाला. त्याच्या लग्नात कडूबा मांडवात असा फिरला जसा काही नवरदेवाचा सख्खा काका. संध्याकाळी वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसून, गुरुजी गोष्ट सांगायचे आणि कडूबा बिडी ओढत ऐकायचा. "तुह्या गोष्टीतले जनावरं लय बोलतात लेका," तो म्हणायचा. "माह्या बैलानं आजवर एक शब्द काढला नाई, तरी मले त्याचं सारं समजते." गुरुजी हसायचे. त्यांना कडूबासारखा श्रोता दुसरा नव्हता आणि तेवढ्या जवळचा माणूसही नव्हता.

घोळ असा, की कडूबाही सोसायटीचा संचालक होता, आणि रामरावांच्या पॅनलमधला. रामराव त्याच्या चुलत्याचा मुलगा. भावकीच्या बाहेर जायचं तर गावात राहायचं कसं? गुरुजींनी सहलीला निघण्याआधी त्याला धुऱ्यावर गाठलं आणि जाळ्यात सापडलेल्या कबुतरांची गोष्ट सांगितली. सगळी एकदम उडाली, जाळ्यासकट उडाली, आणि त्यांच्या मित्राने, एवढ्याशा उंदराने, जाळं कुरतडून दिलं. "मित्र असा असतो," गुरुजी म्हणाले. "रामरावांनी सोसायटीचं वाटोळं केलं हे तुलाही दिसतं. तू आमच्याकडे ये."

"जाळं कोनाचं अन् पारधी कोन, थे तं सांग आधी," कडूबा म्हणाला. "तू मित्र म्हनून सांगून राह्यला का उत्तमरावाचा मानूस म्हनून?"

"दोन्ही एकच आहे."

"एकच नाई बे लक्ष्या." बिडी विझवून तो उठला. "पाह्यतो. इचार करतो."

दुसऱ्या दिवशी गाडी निघाली. उत्तमरावांचा उजवा हात गोपाल, ज्याला उपाध्यक्षपदाचा शब्द मिळाल्याचं सगळ्यांना माहीत होतं, त्याने सगळ्यांचे फोन एका पिशवीत गोळा केले. बुलढाणा मागे टाकून गाडी बोथ्याच्या जंगलाकडे वळली आणि रस्ता सोडून आत असलेल्या एका फार्महाऊसपाशी थांबली. तारेचं कुंपण, लोखंडी फाटक, पडवीत सतरंज्या, मागे चुलीवर रटरटणारं मटण. गुरुजींसाठी वेगळं पिठलं. आपण कुठे आहोत हे घरी कुणालाही कळवायचं नाही, बायकोलासुद्धा नाही, हे उत्तमरावांनी हात जोडून पण ठासून सांगितलं.

हा नियम पहिला मोडला तो गुरुजींनीच. ब्लड प्रेशरच्या गोळ्या घरी राहिल्या होत्या. त्यांनी स्वयंपाक्याचा फोन मागून घेतला आणि मागच्या विहिरीपाशी जाऊन शारदाबाईंना विचारलं, गोळीचं नाव काय ते सांग, इथे मागवतो. शारदाबाई म्हणाल्या, नाव सांगते, पण तुम्ही आहात कुठे? उद्या काही कमी-जास्त झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे पाहू? गुरुजींनी ठिकाण सांगितलं, कुठल्या फाट्यावर उतरायचं तेही सांगितलं, आणि वर बजावलं की कुणाजवळ बोलू नकोस. नवऱ्याने बायकोला आपला ठावठिकाणा सांगणं यात पाप ते काय? पण परत पडवीत येताना ते चोरासारखे आले, हे खरं.

बाकी दिवस मोठ्या मजेत चालले होते. दुपारी जेवणं झाली की सगळे सतरंजीवर आडवे व्हायचे आणि म्हणायचे, "गुरुजी, होऊ द्या." ज्यांना त्यांनी कधी बाकावर उभं केलं होतं तेच आता मिशा पिळत गोष्ट मागत होते. उत्तमराव तर उशाला हात घेऊन एकाग्र ऐकायचे आणि मध्येच विचारायचे, "म्हंजे गुरुजी, सिंहानं बैलाशी दोस्ती केली हेच चुकलं?" असा प्रश्न गुरुजींना वर्गात एकाही पोराने विचारला नव्हता. त्यांना भरून आलं. वाटलं, उशिरा का होईना, राजा भेटला.

निवडीला दोन दिवस उरले होते त्या दुपारी त्यांनी आपली सगळ्यांत आवडती गोष्ट काढली. घुबडांनी कावळ्यांना सळो की पळो करून सोडलेलं. तेव्हा कावळ्यांचा प्रधान आपल्या राजाला म्हणाला, मला टोचून काढा, रक्ताने माखवा आणि झाडाखाली टाकून निघून जा. घुबडं आली. हा विव्हळत म्हणाला, तुमची बाजू घेतली म्हणून माझ्याच लोकांनी माझी ही गत केली, मला आसरा द्या. घुबडांच्या राजाने आपल्या प्रधानांना विचारलं. सगळे म्हणाले, शरण आलेल्याला नाही म्हणू नये. एकच म्हातारा प्रधान म्हणाला, याला आत घेऊ नका, हा आपला काळ आहे. त्याचं कुणी ऐकलं नाही. कावळा गुहेत राहिला, खाऊन-पिऊन धष्टपुष्ट झाला, घरटं बांधतो म्हणून गुहेच्या तोंडाशी काटक्या रचत गेला, आणि एक दिवस त्याने आग लावली.

"साऱ्या घुबडांत शहाणं एकच होतं," गुरुजी म्हणाले, "आणि नेमकं त्याचंच कुणी ऐकलं नाही." शाळेत हे वाक्य म्हणताना त्यांचा आवाज जड व्हायचा, आणि पोरं खाली मान घालून हसायची, कारण सर कोणत्या घुबडाबद्दल बोलताहेत हे त्यांना कळायचं. पडवीत मात्र कुणी हसलं नाही. उत्तमराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "वा! गुरुजी, वा!"

दुसऱ्या दिवशी, जेवणं आटोपता आटोपता, फाटकावरून गोपालने हाक दिली. "भाऊ, इकडं या लवकर. कडूबा आला!"

सगळे धावले. फाटकाच्या बाहेर कडूबा उभा होता. कपाळाला दुपट्टा बांधलेला आणि तो रक्ताने भिजून वाळून कडक झालेला. सदरा खांद्यापासून फाटलेला, डावा डोळा सुजून मिटलेला. गावाहून चिखली, चिखलीहून बुलढाणा, तिथून खामगावच्या बसने फाटा आणि फाट्यापासून चालत, असा तो आला होता. गुरुजींना पाहून त्याचा चेहरा सैल झाला, दमलेला माणूस घराचं दार दिसल्यावर होतो तसा.

"रामरावच्या पुतन्यांनी मारलं," तो फाटकाचे गज धरून म्हणाला. "मी रामरावले तोंडावर सांगतलं, मी लक्ष्मीकांतच्या संगं जातो, मत उत्तमरावले देतो. तिथंच काठी घातली. मले आत घ्या. उद्या तुमच्या गाडीतच येतो सभेले. एकटा गेलो तं मले दारातून जाऊ देनार नाईत थे."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "अबे, कालचा कावळा आला ना!" आणि सगळे खो खो हसले. "रक्त कोंबडीचं हाये का पाहा बे!" दुसरा म्हणाला. कडूबाही आधी थोडा हसला. ही गोष्ट त्याने धुऱ्यावर कितीदा ऐकली होती. त्याला वाटलं, गुरुजींच्या संगतीतली माणसं थट्टा करताहेत. मग कुणी फाटकाची कडी काढेना, तेव्हा त्याचं हसू गेलं.

उत्तमराव पुढे झाले. आवाजात साखर. "कडूभाऊ, वाईट झालं. पण एक सांगा. हे ठिकान आमच्या घरच्यांलेही माहीत नाई. तुमाले कोनं सांगतलं?"

कडूबाने एका उघड्या डोळ्याने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींना सगळं एकदम समजलं. शारदेने सांगितलं होतं. आणि आता कडूबा ते बोलला असता तर गुरुजींनी नियम मोडल्याचं सगळ्यांपुढे उघडं पडलं असतं.

"थे नाई सांगत," कडूबा म्हणाला.

"काऊन?"

"नाई सांगत. बाकी काईबी इचारा."

"पाह्यलं?" गोपाल म्हणाला. "रामरावनंच धाडला असंल. उद्या ऐन टायमाले आपल्यातला एखादा फोडाले."

आता एका वाक्याचं काम होतं. 'पत्ता मी सांगितला, माझ्या बायकोला. तिने त्याला सांगितला.' एवढं बोलून गुरुजींची काय नाचक्की होणार होती? थोडी थट्टा झाली असती, उत्तमरावांच्या कपाळाला आठी पडली असती, आणि संध्याकाळपर्यंत सगळे विसरले असते. पण चार दिवसांत गुरुजींना जे मिळालं होतं ते त्यांना थोडकं वाटत नव्हतं. सहा माणसं त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. आणि उत्तमराव त्यांच्याकडे वळून, हात जोडून म्हणाले, "गुरुजी, तुमी सांगा. दोस्त तुमचा हाये अन् नीतीही तुमची. तुमी म्हनान तसं करू."

राजा प्रधानाला विचारत होता. जन्मभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो असा, उन्हात, फाटकापाशी, मटणाच्या वासात आला. गुरुजींनी घसा साफ केला. आपला आवाज वर्गातल्यासारखा निघतोय हे त्यांना ऐकू आलं.

"मित्र आहे, हे मी नाकारत नाही," ते म्हणाले. "पण नीती असं सांगते, की शत्रूच्या गोटातून आलेला माणूस, मग तो कितीही घायाळ असो, पारखल्याशिवाय आत घेऊ नये. पत्ता कुणी दिला हे तो सांगत नाही. तेव्हा माझं मत… आज नको. निवड होऊन जाऊ द्या."

'आज' हा शब्द त्यांनी मुद्दाम घातला. पुढे मनाला समजावताना तोच त्यांच्या कामी यायचा होता.

कडूबा रागावला नाही, ओरडला नाही. "बरं," म्हणाला. मग त्याने पाणी मागितलं. गोपालने गजांतून बाटली दिली. तो प्यायला, उरलेलं तोंडावर मारून घेतलं आणि रिकामी बाटली आत परत दिली. मग वळला आणि आल्या रस्त्याने फाट्याकडे चालू लागला, एक हात कपाळावरच्या फडक्यावर दाबून. गुरुजी वळणापर्यंत पाहत राहिले. त्यांना हाक मारावीशी वाटली, फार वाटली. तेवढ्यात उत्तमरावांचा हात खांद्यावर पडला. "प्रधान असावा तं असा!" ते म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या रात्री गुरुजींना झोप लागली. सांगायलाही लाज वाटते, पण चांगली गाढ लागली.

निवड झाली. उत्तमरावांना सात, रामरावांना पाच. कडूबा सभेला आलाच नाही; तो मेहकरला दवाखान्यात टाके घालून पडला होता. बाहेर गुलाल उधळला गेला, डीजे लागला, आणि उत्तमरावांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून गुरुजींच्या गळ्यात घातला. माईक हातात घेऊन ते म्हणाले, "आज आपन निवडून आलो ते गुरुजींच्या सल्ल्यानं. फाटकावर कोन आला होता अन् गुरुजींनी त्याले कसा ओळखला, हे साऱ्यांले माहीत हाये!" टाळ्या पडल्या. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही मग चौकाचौकांतून कळलं. संध्याकाळपर्यंत गावात एकच वाक्य फिरत होतं, की गुरुजींनी कडूबाले हाकलून देल्लं.

गुलाल केसांत घेऊन गुरुजी घरी आले. शारदाबाईंनी ओवाळलं नाही. त्या दारातच उभ्या होत्या.

"कडूभाऊजी पोचले होते ना तुमच्याकडे?"

गुरुजी मोरीकडे गेले. "पोचला होता."

"मीच पत्ता दिला. दारात आले तेव्हा डोक्यातून रक्त गळत होतं. मी म्हटलं, आधी मेहकरला जाऊन टाके घाला. तर म्हणाले, आधी लक्ष्याकडे जातो वहिनी, एकदा त्याच्यापाशी पोचलो की मग काही भेव नाही." त्यांनी गुरुजींच्या केसांतल्या गुलालाकडे पाहिलं. "गावात काय बोलतात ते खोटं आहे ना हो? तुम्ही त्यांना आत घेतलंत ना?"

"तुला राजकारणातलं कळायचं नाही."

"मी राजकारण विचारलंच नाही," शारदाबाई म्हणाल्या. त्या आत गेल्या, आणि ताट वाढून झाकून ठेवून निजल्या. गुरुजींनी तीनदा केस धुतले. रंग गेला नाही.

सकाळी ते कडूबाकडे निघाले. काय बोलायचं ते वाटेने जुळवत गेले. समज-गैरसमज, परिस्थिती, सातही जणांची जबाबदारी, असं बरंच काही त्यांनी जुळवलं. कडूबाच्या घरासमोर पांढरी गाडी उभी होती. ओसरीवर बाजेशेजारी खुर्ची टाकून उत्तमराव बसले होते, आणि बाजेवर डोक्याला पट्टी बांधलेला कडूबा.

"मी तं फाटक उघडतच होतो कडूभाऊ," उत्तमरावांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "पन गुरुजी ठाम. आता गुरुजींचा शब्द कसा मोडाव? शिकलेला मानूस. मले रात्रभर झोप नाई, भाऊ. तुमच्यासारखा इमानदार मानूस…" मग त्यांना दारातले गुरुजी दिसले. ते जराही गडबडले नाहीत. "या या गुरुजी! तुमचंच चाललं होतं." त्यांनी पिशवीतून शाल काढून कडूबाच्या खांद्यावर टाकली, रामरावांच्या पुतण्यांविरुद्ध तक्रार आपण स्वतः ठाण्यात देऊ असं सांगितलं, आणि उठले. गुरुजींचा दंड धरून ते त्यांना गाडीपर्यंत घेऊन आले.

"हे काय बोललात तुम्ही?" गुरुजींनी दंड सोडवून घेतला. "मी ठाम? मला तर तुम्हीच विचारलंत."

"इचारलंच ना," उत्तमराव हळू आवाजात म्हणाले. "गुरुजी, तो खराच मार खाऊन आला हे मले पाह्यल्या पाह्यल्या समजलं. तीस वर्षं राजकारन करून राह्यलो. पन सात पुरे होते. आठवा आला असता, डोकं फोडून आला असता, तं त्याले काई देना लागलं असतं. उपाध्यक्षपद तं गोपालले कबूल केलेलं. अन् मी नाई म्हनलं असतं तं त्याची अर्धी भावकी माह्यावर रुसली असती. पुढं जिल्हा परिषद हाये. नाई म्हनाले तुमच्यासारखाच मानूस पाहिजे होता." त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि अगदी मनापासून म्हणाले, "राग नका मानू. तुमच्या गोष्टी लय कामाच्या हायेत."

गाडी गेली. गुरुजी धुळीत उभे राहिले. त्यांना उत्तमरावांचा संताप आला, आणि त्याबरोबर एक बरंही वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. आता सांगायला काहीतरी होतं. दोष ठेवायला दुसरा माणूस होता. ते जवळजवळ घाईनेच ओसरीवर चढले.

"कडू, ऐकलंस? या माणसाने मला वापरलं. त्याला माहीत होतं तू खरा आहेस. मला बोलतं करून स्वतः नामानिराळा राहिला. आता तुझ्यापुढे येऊन साळसूदपणा करतोय!"

कडूबाने खांद्यावरची शाल काढली, घडी घालून बाजेच्या पायथ्याशी ठेवली.

"मले समजत नाई का थे?" तो म्हणाला. "उत्तमराव पुढारी हाये. त्याचं कामच थे. कुत्रं भुकलं म्हनून कोनी रागावते काय? रामरावनं मारलं, त्याचाबी राग नाई. त्याचं घर सोडून चाल्लो होतो, तो मारनारच. तू काऊन बोलला बे?"

"मला वाटलं, तू पत्ता कुणी दिला ते सांगत नाहीस, तर कदाचित—"

"वहिनीचं नाव नाई घेतलं मी. तुहंबी नाई घेतलं. म्हनलं, चारचौघांत तुही इज्जत जाईन."

"मी त्या वेळी गोंधळलो, कडू. मला खरंच वाटलं, की—"

"तुले काईच वाटलं नाई," कडूबा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तुले माहीत होतं."

वाटेने जुळवलेलं सगळं तिथेच होतं, शब्द न् शब्द, पण एकही या वाक्यापुढे उभा राहीना. त्यांना रडू आलं, ते त्यांनी आवरलं, आणि मग ते उगीच आवरलं असंही वाटलं. कडूबा त्यांच्याकडे पाहत नव्हता. तो अंगणातल्या बैलांकडे पाहत होता.

"सोयाबीन काढून देतो," तो म्हणाला. "तुहा वाटा घरी टाकून देतो. हरभऱ्याले दुसरा मानूस पाह्य."

आतून रुक्मिणीबाई आल्या, कडूबाची बायको. या घरात गुरुजी आले की त्या चुलीपाशीच पाट टाकायच्या, स्टीलच्या गिलासात चहा द्यायच्या आणि वर 'साखर संपली, गुळाचा प्या' म्हणून हक्काने सांगायच्या. आज त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, ट्रेमधून कपबशी आणली आणि उत्तमराव बसले होते त्या खुर्चीकडे बोट केलं. "बसा," त्या म्हणाल्या.

गुरुजी बसले. चहात साखर होती. तो त्यांनी शेवटपर्यंत प्यायला, कप बशीवर ठेवला, आणि ट्रे न्यायला कुणी येईपर्यंत तिथेच बसून राहिले.